पोरं धरण्याला येणार नाहीत

मोठ्या बाई कुठल्याही पोराला साधा पाण्याचा तांब्या आणायला सांगत नसत. आपल्याकडे बाई-मास्तर म्हटले की पोरं राबायलाच असतात: चहा सांगून ये, फळा पूस, दुकानातून सुपारी आण. तलासरीकडच्या त्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मात्र गुडघे धरून का होईना, बाई स्वतः उठत. "चार वर्सांचा जीव तो. हितं खेळायला येतो, माझ्या कामाला नाय."

मदतनीस होती 'लहान बाई', म्हणून या 'मोठ्या'. उंचीला माझ्या खांद्यापर्यंतही नव्हत्या. मी तेव्हा कष्टकऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटनेत नवी, पत्रकं लिहायचे आणि सायवनपासून डहाणूपर्यंत वाटत फिरायचे. खिचडीच्या तांदळाची तक्रार ऐकून त्यांच्याकडे गेले, आणि मग जातच राहिले.

एकदा चिकूवाडीवाला शेठ मुलाच्या वाढदिवसाची बिस्किटं घेऊन आला. पाड्यातली निम्मी माणसं त्याच्याच वाडीत कामाला. "पोरांना रांगेत उभं करा, थँक्यू अंकल म्हणू देत, एक फोटो काढू." बाई खिचडी वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बिस्किटां ठेवा, शेठ. पोरां जेवतायत. उपकार फेडायचं वय नाय त्यांचं." शेठ बिस्किटांसकट परत गेला. लहान बाई दिवसभर धुसफुसत होती, "बिस्किटां तरी घ्यायची होती! ती काय मी खानार होते?"

मग २०१८ च्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीत माणसं घराबाहेर झोपायला लागली. अंगणवाडीच्या भिंतीला बोट जाईल एवढा तडा गेला. बाईंनी पोरं उचलून चिंचेखाली बसवली. एका धक्क्यात एक पोरगा आपली ताटली आणायला परत आत धावला. बाईंनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि फाडकन एक लगावली. दुपारी त्याची आई न्यायला आली तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "आज मी तुझ्या पोराला मारलं."

आई हसली. "मग काय झालं, बाई? आनखी दोन द्यायच्या!"

"हसू नको. मी घाबरले होते, म्हणून मारलं. पोर घाबरलं तर ते कोनाला मारतं काय?"

पुढच्या आठवड्यात सुपरवायझर मॅडम आल्या. अंगणवाडी झाडाखाली भरते, म्हणजे इमारत धोक्याची. इमारत धोक्याची, म्हणजे कोणीतरी ती तपासायला हवी. हे कोणालाच नको होतं. मॅडम म्हणाल्या, "तडे प्लॅस्टरचे आहेत. तुम्ही घबराट पसरवताय. मुलांना आत घ्या."

"तुमी आत बसा तासभर, मॅडम. मग घेते."

मॅडम उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. महिनाभरात बाईंना मात्र कामावरून कमी केलं. कारण काय, तर आदेश पाळला नाही. भिंतीला कोणी हात लावला नाही.

आम्ही पेटलो. तालुक्याच्या बालविकास कार्यालयासमोर धरणं ठरवलं. बाईंच्या अंगणात बैठक भरली, तिथे मी म्हणाले, "पोरांना पुढे बसवायचं, हातात ताटल्या द्यायच्या. नुसत्या बाया बसल्या तर कॅमेरेवाले फिरकत नाहीत." आया लगेच तयार झाल्या.

"पोरां नाय यायची," बाई म्हणाल्या.

ताटलीवाल्याची आई उसळली, "माझा पोर! मी नेते!"

"ने. तुझाच हाय. मग मी नाय बसत."

"बाई, हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय!" मी ओरडले.

"शेठनंपन बिस्किटां त्यांच्यासाठीच आनलेली ना, बाय?"

शेवटी पोरांशिवाय मूठभर बाया उन्हात बसल्या. कॅमेरा आला नाही. साहेबाने उभ्याउभ्या निवेदन घेतलं, "बघतो" म्हणाला आणि जेवायला गेला. नवी सेविका आली, तिने अंगणवाडी त्याच भिंतींत भरवली. बऱ्याच आयांनी पोरं पाठवणं बंद केलं. म्हणजे पोरं तडे गेलेल्या घरात, कोंबड्यांच्या राखणीला. जिला लहान भावंडं, त्या पोरीची त्यांना सांभाळण्यात शाळा सुटली. ह्याला राज्यकारभार म्हणतात!

बाई वाणगावला मिरचीच्या शेडमध्ये निवडायच्या कामाला लागल्या. मी तिथे गेले आणि तोंडावर म्हणाले, "त्या दिवशी पोरं आणली असती तर आज तुम्ही त्यांच्याजवळ असता."

"व्हय. ते मला रोज दिसतं." त्या खालीच बघत होत्या. मिरच्यांची देठं बाजूला पडत होती. "पन पोरां उन्हात मांडून जागा परत मिळवली असती, आनि उद्या साहेबानं पोरां मांडायला सांगितली असती, तर कुठच्या तोंडानं नाय म्हनले असते?"

मला हे आजही पूर्ण पटत नाही. भांडायला दुसरं काही हाती नसलेल्या माणसांनी काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. पण त्यानंतर मी एकाही धरण्याला पोर बसवलेलं नाही. संघटनेत त्यावरून अजून वाजतं.

त्या दिवशी शेडमधून मी निघतच होते. पाड्यातली एक बाई मिरच्या निवडायच्या कामाचं विचारायला आली, सोबत तिची पोरगी. पोरीने मोठ्या बाईंना ओळखलं आणि शेडच्या त्या टोकापासून धावत सुटली. बाई घाईघाईने उठल्या, दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"लांब रहा गं. माझे हात मिरचीचे हायत. तुझे डोळे जळतील."

पोरगी थांबली. कडेवर घ्या म्हणून दोन्ही हात वर करून तशीच उभी राहिली.