गुलाल घेऊन बहारीनला

गुलालाची पुडी घेऊन बहारीनला गेलेली मी पहिलीच बाई असेन, आणि माझं ऐकलंत तर शेवटचीही. आखातात जाताना काय न्यावं, असं बरेच वाचक विचारतात. आधी काय नेऊ नये ते सांगते: गुलाल, आणि घरून मिळालेली खात्रीची बातमी. माझ्या बॅगेत दोन्ही होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी कोल्हापूरची, शाळेत शिकवायचे. धाकटा भाऊ संजू बहारीनमध्ये एसी मेकॅनिक. आमचे वडील, आप्पा, तरुणपणी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आमच्याकडे माणूस घर बदलतो, गाव बदलतो, संघ बदलत नाही. तर संजूनं तिकडे टीव्हीवर इटलीची लीग पाहिली. त्यात एका क्लबाचे हिरवे-पांढरे पट्टे. आमच्या तालमीचा रंगही तोच! झालं, तो क्लब आमचा. त्याचं इटालियन नाव आप्पांच्या तोंडात बसेना, म्हणून सगळी गल्ली त्यांना 'आपली पोरं' म्हणायला लागली.

संजू मॅच कॅसेटवर घ्यायचा आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा. कॅसेट पोचायला दोन-तीन आठवडे सहज लागत. तेव्हा आमच्याकडच्या पेपरात इटलीच्या लीगचं कोण छापतंय? संजू सांगेल तो निकाल. त्याच्या पत्रातला गुणांचा तक्ता चौकातल्या फळ्यावर खडूनं उतरवला जाई. त्या वर्षी तक्त्यात आपली पोरं पहिली होती. शिवाय युरोपच्या कपात एकेकाला लोळवत फायनलला पोचलेली. प्रत्येक विजयाला आप्पा गल्लीत पेढे वाटायचे. साखर वाढेल म्हणून मी ओरडायचे, तर म्हणायचे, "मी कुठं खातोय? वाटतोय!"

आदल्या वर्षीचा एक प्रसंग मात्र सांगायला हवा. तेव्हा संजू सुट्टीवर आला होता. त्यानंच आणलेल्या कॅसेटवरची मॅच लागलेली, आपल्या पोरांवर पेनल्टी. सत्तरीच्या आप्पांनी खुर्चीतनं डावीकडं झेप घेतली! गोल तर झालाच, आप्पाही फरशीवर आडवे. दवाखान्यात तीन दिवस. बरगडीला चीर आणि बीपी वाढलेलं. डॉक्टरांशी बोलून संजू बाहेर आला तो पांढराफटक पडलेला. "आक्का, आप्पांना धक्का बसता कामा नये," म्हणाला. तेव्हापासून मी घरात वाईट बातमी येऊच दिली नाही. चुलत आत्या वारली तेही त्यांना महिन्यानं, बेताबेतानं सांगितलं.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि संजूचं पत्र आलं. "आक्का, व्हिजिट व्हिसा काढलाय. ये. एकटीच ये." आप्पा हरखले. "फायनल संजाच्या शेजारी बसून बघ. आणि कॅसेट तूच घेऊन ये, दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई." तालमीच्या पोरांनी हलगीवाल्याला सांगूनही ठेवलं. निघताना आप्पांनी बॅगेत गुलालाची पुडी कोंबली. "जिंकल्या जिंकल्या संजाच्या कपाळाला लाव. हितनं माझा हात पोचायचा न्हाई."

कोल्हापूरहून लक्झरीनं मुंबई आणि तिथून विमान. खिडकीची जागा मिळाली तर उतरताना डोळे उघडे ठेवा, आधी वाळू की आधी समुद्र तेच कळत नाही. विमानतळ मुहर्रकच्या बेटावर आहे. दार उघडलं आणि तोंडावर असा उष्मा आला की मला वाटलं इंजिनाची हवा लागतेय. जिना उतरून लांब आले तरी तसाच! मे महिन्यात जाऊ नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा.

कस्टमच्या माणसानं बॅग उघडली आणि पुडी उचलली. "व्हॉट इज धिस?"

"गुलाल," मी म्हटलं. "फॉर विनिंग. फुटबॉल."

त्यानं वास घेतला, चिमटीत धरून पाहिला. बोटं गुलाबी झाली. माझी तर भीतीनं बोबडीच वळली. नुसता कुंकवाचा भाऊ आहे हे इंग्रजीत कसं सांगू? मग त्यानं विचारलं, "विच टीम?" मी क्लबाचं नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. शेजारच्याला अरबीत काही म्हणाला आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पुडी परत देत म्हणाला, "टेक, टेक, मॅडम. नो प्रॉब्लेम. यू विल नॉट यूज." मला संताप आला. दुसऱ्या संघाचा दिसतोय मेला, म्हणून बॅग ओढत बाहेर आले.

बाहेर संजू आणि त्याची सहा वर्षांची सोनू. पूल ओलांडून राजधानी मनामात, तिथून माहूजमधल्या त्यांच्या फ्लॅटवर. सोनू इंग्रजी शाळेतली, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. गाडीत मी तिला जवळ घेऊन विचारलं, "मग गं, फायनल कधी हाय आपली?"

"व्हॉट फायनल, आत्ती?" ती म्हणाली. "वी लॉस्ट. वी ऑल्वेज लूज."

संजूनं ब्रेक मारला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय, म्हणून मी हसले. संजू हसला नाही. गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि म्हणाला, "आक्का, फायनल न्हाई. युरोपमदनं आपण पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. लीगमदी खालनं तिसरं हाय."

"काय बोलतोयस! फळ्यावर पहिले हाय आपण!"

"फळा मीच लिवला न्हवं, हितनं."

मग एकेक करून बाहेर आलं. मोसमाच्या सुरुवातीलाच क्लब हरायला लागला. डॉक्टरांचा शब्द संजूच्या डोक्यात. हरलेली मॅच कशी पाठवायची? त्याच्या वर्कशॉपच्या सुपरवायझरकडे, अबू हसनकडे, मागच्या तीन-चार वर्षांच्या मॅचेसचं कपाट भरलेलं होतं. आप्पांनी कधीच न पाहिलेल्या. त्यातल्या जिंकलेल्या निवडून, सुरुवात-शेवट कापून, संजू नवीन म्हणून पाठवत राहिला. आम्ही ज्या सेमीफायनलला शिट्ट्या वाजवल्या ती दोन वर्षांपूर्वीची होती! त्यातला सेंटर फॉरवर्ड केव्हाच क्लब सोडून गेला होता आणि आप्पा रोज सकाळी त्याच्या गुडघ्यासाठी देवीला हात जोडत होते.

"आणि मला बोलावलंस कशाला?" मी ओरडले.

"एकट्याला झेपंना गं. तालमीची पोरं हलगी लावाय लागली. आता काय करू ते तू सांग."

दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. पण आलेच होते, तर फिरले. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या पायी बघा, सकाळी नऊच्या आत. जाडजूड भिंतींची घरं, मधूनच हलव्याचं दुकान. तिथला केशरी हलवा तुपानं निथळतो, बदाम भरपूर, आणि चमच्याला असा धरून बसतो की सोडत नाही. सोबत छोट्या कपात कडक चहा मागा, अगदी स्वस्तात मिळतो. एक सूचना: शनिवार-रविवार तिथं कामाचे दिवस असायचे, सुट्टी शुक्रवारची. दुसरी सूचना: 'इंशाल्ला' म्हणजे हो, असं समजू नका. टॅक्सीवाला "इंशाल्ला, फाइव्ह मिनिट" म्हणाला म्हणून मी पाऊण तास उन्हात उभी राहिले होते.

रविवारी लीगचा शेवटचा सामना. जिंकली तर आपली पोरं वाचणार, नाहीतर थेट दुसऱ्या दर्जात. तिकडे दुपारचे चार, बहारीनमध्ये पाच. संजू मला सलमाबादला घेऊन गेला. पर्यटकानं जावं असं तिथं काही नाही, गोदामं, गॅरेजेस, कामगारांच्या खोल्या आणि धूळ. वर्कशॉपच्या ऑफिसात टीव्ही. शिफ्ट संपवून ग्रीस लागलेल्या हातांनी दहा-बारा जण बसलेले, केरळचे, पेशावरचे. अबू हसननं उठून मला खुर्ची दिली. पांढरी दाढी, आप्पांच्याच वयाचा. "बाबा गुड?" त्यानं पहिलं हेच विचारलं. खोट्या कॅसेटी कशासाठी चालल्यात हे त्याला ठाऊक होतं.

"आज जिंकणार का?" मी संजूकरवी विचारलं.

"इंशाल्ला," अबू हसन म्हणाला. मला टॅक्सीवाल्याची पाच मिनिटं आठवली.

पहिल्या अर्ध्यात आपण एक गोल केला. अख्खं ऑफिस नाचलं, मीसुद्धा. दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी फेडला. मग शेवटच्या मिनिटांत आपल्यावर पेनल्टी. संजूनं डोळे मिटले. मी नाही मिटले. गोलकीपर डावीकडं झेपावला, बॉल उजवीकडं. कुणीतरी हळूच म्हणालं, "खलास." तो गोलकीपर उठलाच नाही, चिखलात तसाच तोंड खुपसून पडून राहिला. आणि स्टेडियममधले लोक, इतके हजारो लोक, उठून गेले नाहीत. उभे राहून गात होते. हरलेल्या संघासाठी! माझा विश्वासच बसेना.

परतीच्या दिवशी संजूनं दोन कॅसेटी हातात ठेवल्या. एकीवर 'फायनल, जिंकलो', त्याच्याच अक्षरात, आत कपाटातली जुनी मॅच. दुसरीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आत रविवारची मॅच. "तुला पटंल ती दे," म्हणाला आणि सोनूला घेऊन पाठ फिरवली. विमानात दोन्ही मांडीवर. एकीनं आप्पांना आयुष्यभर फसवल्यासारखं होणार, दुसरीनं आप्पाच जाणार. जेवणाचा ट्रे मी तसाच परत दिला.

कोल्हापुरात उतरले ती घरी न जाता दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "एवढा धक्का त्यांना सोसेल का?"

"कसला धक्का?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्हीच तर म्हणाला होता. धक्का बसता कामा नये."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो बाई, तुमचा भाऊ पेशंटला स्कूटरवरनं न्यायला निघाला होता! बरगडीला चीर, आणि आपले रस्ते असले. मी म्हटलं, धक्के बसू देऊ नका, रिक्षा करा. त्यांचं हार्ट तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे!"

धक्के आणि धक्का! एका अनुस्वाराचाही फरक नाही, नुसती एक मात्रा. तेवढ्यापायी अख्खी पेठ वर्षभर भलत्याच सीझनमध्ये राहिली होती.

घरी आले तर दारात हलगीवाला. त्याला म्हटलं, थांबा जरा. आप्पांना आत नेलं, हाताशी पाणी नि गोळी ठेवली, तरीही ठेवलीच, आणि नाव नसलेली कॅसेट लावली. ते शेवटपर्यंत बघत राहिले. पेनल्टीला खुर्चीचे हात घट्ट धरले, पण उठले नाहीत. टीव्ही बंद करून मी सगळं सांगितलं. कपाट, खोटे तक्ते, डॉक्टर, मात्रा.

त्यांनी खुर्चीचे हात सोडले. मग म्हणाले, "म्हंजे वरीसभर पोरं हरत हुती?"

"व्हय, आप्पा."

"आणि मी पेढे वाटत हुतो?"

मी उगीच कॅसेट बाहेर काढायला लागले.

"पोरं तिकडं चिखलात मार खात हुती, आणि मी हितं पेढे वाटत हुतो!" त्यांचा आवाज चढला. "अगं, जिंकल्यावर रस्त्यावरचं कुत्रं बी मागं येतंय. हरताना मागं उभं ऱ्हायला घरचं माणूस लागतंय. आणि तुमी मलाच मैदानातनं भाईर काढलं?"

त्यांना इतकं रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मीही रडले. हलगीवाला दारातनं डोकावून बघून हळूच निघून गेला.

संध्याकाळी आप्पांनी चौकातला फळा स्वतः ओल्या फडक्यानं पुसला आणि खरा तक्ता लिहिला. खालून तिसरं नाव आपलं. गल्ली हबकली, दोघं-तिघं भांडायलाही आली. आप्पा फळ्यासमोरनं हलले नाहीत.

बहारीनचं आता माझ्याकडे फार काही उरलेलं नाही. हलव्याचा रिकामा डबा, सोनूनं काढलेलं एक चित्र, आणि ती गुलालाची पुडी, न उधळलेली. कस्टमवाल्याचं खरं झालं. पण त्या रात्री आयएसडी बूथवर घडलं ते मात्र रोज आठवतं. संजूला फोन लागला. तो पलीकडून रडत "आप्पा, चुकलं माझं" एवढंच म्हणत होता, मलासुद्धा ऐकू येत होतं. आप्पांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, "त्या सगळ्या हरल्याल्या मॅची धाड. वळीनं बघणार हाय मी."

संजू म्हणाला, पुढच्या वर्षी दुसऱ्या दर्जाच्या मॅचेस बहारीनमध्ये टीव्हीवर दाखवणार नाहीत, पेपरात नुसता निकाल येईल.

"मग निकाल कळव," आप्पा म्हणाले. "जिंकल्याला पत्रानं आला तरी चालंल. हरल्याला फोनवर सांग."