आत्याबाईंच्या मोरीवरचं अळू

चैत्र आला की पुण्यातली माणसं झाडांकडे बघून हरखतात. पिंपळाला तांबूस पालवी आली, कडुनिंब मोहरला, असं एकमेकांना सांगत सुटतात. मला मात्र या महिन्यात कुठे हिरवं दिसलं की पोटात गोळा येतो. लहानपणापासूनची सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.

आमचं घराणं गवंड्याचं. कात्रजच्या तलावातून जमिनीखालून बांधून आणलेला, आत माणूस वाकून चालेल एवढा पाण्याचा नळ शहरातल्या हौदांपर्यंत येतो. आमच्या पेठेतल्या भागाची राखण वडिलांकडे होती, त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. हा नळ वरून दिसत नाही. रस्त्याखालून, घरांच्या जोत्यांना खेटून, लोकांच्या परसांतून तो जातो. मग तो कुठे गळतोय हे कळायचं कसं? वडील म्हणायचे, "पावसाळ्यात सगळंच हिरवं, तेव्हा खुशाल झोप काढ. चैत्रात डोळे उघडे ठेव." चैत्रात पेठेतली जमीन भाजल्या खापरासारखी होते. पिंपळ-कडुनिंबाची पालवी धरायची नाही, त्यांची मुळं खोल, ती झाडं आपल्या हिमतीवर हिरवी होतात. पण गवत, अळू, केळ असलं उथळ मुळांचं काही टवटवीत दिसलं, तर समजायचं की तिथे नळ फुटलाय, नाहीतर कुणीतरी फोडलाय. एवढ्या एका खुणेवर वडिलांनी जन्मभर गळत्या काढल्या. मला अक्षरओळखही त्यांनीच करून दिली, गळत्यांची टिपणं ठेवता यावीत म्हणून.

मी सांगतोय त्या साली पावसाने सलग दुसऱ्यांदा ओढ दिली होती. आमच्या पेठेच्या हौदाचं पाणी शेवाळाच्या जुन्या रेघेखाली चार विती उतरलं. बायका पहाटेपासून घागरी लावून बसत, आणि दुपारपर्यंत आपसांत भांडून दमत. नळाच्या कामावरचा कारकून मला बोलावून म्हणाला, "दुसऱ्या पेठांत पाणी आहे. तुझ्याच पेठेत नाही. आठ दिवसांत गळती दाखव, नाहीतर हे काम करणारे पुष्कळ आहेत." घरी बायको आणि तीन मुली होत्या. त्यातली थोरली लग्नाला आलेली. मी बाहेर पडलो तो थेट परसं हुंगायलाच.

नळात उतरून बघणं हा खरा उपाय होता. पण त्यासाठी पाणी एक दिवस बंद ठेवावं लागतं, आणि कारकून त्याला तयार नव्हता. शिवाय मलाही त्याची गरज वाटत नव्हती. खूण ओळखण्यात आमचं घराणं पटाईत, असा ताठा होता माझ्यात.

आमच्या मागच्या आळीत एक विधवा बाई राहत असत. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या, भावाच्या पश्चात दोन खोल्यांत एकट्या. सगळी आळी त्यांना आत्याबाई म्हणे. तोंडाने फटकळ, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या परसाची भिंत मातीची, छातीएवढी. त्या भिंतीवरून मला अळू दिसलं. मोरीवरचं अळू तर घरोघरी असतं. पण त्या वर्षी मोरीत पाणी जातच नव्हतं, भांडी विसळलेलंसुद्धा लोक गुरांना पाजत होते. सगळ्यांची अळवं जळून गेली होती. आत्याबाईंचं मात्र सुपाएवढ्या पानांचं, काळ्या देठांचं, आणि शेजारी हातभर दूर्वा. आणि नळ तर त्या भिंतीलगतच जात होता.

मला आनंद झाला. लपवण्यात काही अर्थ नाही, झालाच.

दुसऱ्या दिवशी दोन बेलदार घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"आत्याबाई, परस खणावं लागेल."

"का रे? धन सापडलंय की काय?"

"अळू फार माजलंय तुमचं."

"माजलंय ते अळू. मग शिक्षा मला का?"

"याला पाणी कुठून येतं?"

"मी घालते."

"कुठलं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "सांगितलं तर पटणार आहे का तुला? बेलदार घेऊनच आलायस. खण."

तोवर भिंतीपलीकडे आळीतल्या बायका जमल्या होत्या. बेलदारांनी अळू कांद्यांसकट उपटून बाजूला फेकलं आणि कुदळी चालवल्या. वरची दहा बोटं माती ओली. त्याच्याखाली कोरडा ठणठणीत मुरूम. कमरेइतकं खणल्यावर नळाची पाठ लागली. चुना जसाच्या तसा, कुठे चीर नाही, ओल नाही. एक बेलदार घाम पुसत म्हणाला, "मालक, हितं कायबी न्हाई." ते मलाही दिसत होतं. मी खड्डा बुजवून घेतला आणि निघालो.

मग त्या अळवाला पाणी येत होतं कुठून, ते बघायला दुसऱ्या दिवशी पहाटे मी आळीच्या तोंडाशी उभा होतो. आत्याबाई नदीवरून अंघोळ करून ओलेत्याने येत होत्या. येतात तशाच रोज, त्यात नवल नव्हतं. पण इतर बायका घाटावरच लुगडं पिळून हलकं करतात. यांनी दुसरं धुतलेलं लुगडं न पिळता, पाणी निथळत असलेलं, दोन्ही हातांवर लहान मूल घ्यावं तसं छातीशी धरलं होतं. पाय भरभर उचलत होत्या. मी मागोमाग गेलो. परसात जाऊन त्यांनी ते लुगडं पिळलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, थोडं थोडं, उकरलेल्या मातीवर. तिथे आता काही नव्हतं. बहुधा हाताला सवय होती.

मी भिंतीबाहेरूनच विचारलं, "आत्याबाई, एवढा भार नदीपासून रोज? अळवासाठी?"

"हिरवं बघायला बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "एवढंच."

चैत्रात हिरवं दिसावं म्हणून कुणी एवढे कष्ट घेईल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वडिलांच्याही आलं नसावं.

चार दिवसांत हौद आणखी उतरला, तेव्हा कारकुनाने नाइलाजाने पाणी बंद करून दिलं. मी दिवटी घेऊन नळात उतरलो आणि कमरेत वाकून चालत गेलो. पेठेच्या वरच्या अंगाला एका सरदाराची बाग आहे. सरकारातून तिला पाण्याचा एक बारीक फाटा मंजूर आहे, करंगळी जाईल एवढा. त्याच्याच शेजारी ताजं भोक पाडलेलं होतं. त्यात माझी मूठ गेली. त्या बागेच्या भिंतीलगतच्या रस्त्याने मी रोज जात-येत होतो. आत केळी होत्या, कारंजं होतं, हिरवळ तर विचारूच नका. रोज दिसत होतं सगळं, आणि एकदाही पोटात गोळा आला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती सुळी मी स्वतः खांद्यावरून वाहून नेली होती.

कारकुनाला सांगितलं. त्याने आधी दार लोटलं. मग म्हणाला, "बाग म्हटली की हिरवी असायचीच. तू भोक पाहिलंस, हे आणखी कुणाला बोललास?" नाही म्हटल्यावर त्याने मान हलवली. बागेच्या कारभाऱ्याला त्याने काय निरोप धाडला कोण जाणे, तिसऱ्या दिवशी भोक आतून बुजलेलं होतं आणि हौदाचं पाणी चढायला लागलं. मग त्याने मला टिपणाची वही पुढे करायला लावली आणि सांगितलं, "लिही. मागच्या आळीत बाईच्या परसात नळ फुटला होता, खणून दुरुस्त केला." मी म्हणालो, "तिथे तर काही नव्हतं." तो म्हणाला, "खणलंस ते आख्ख्या आळीने बघितलंय. पाणी चढलं तेही बघितलंय. तुला वेगळं लिहायचं असेल तर लिही, मग उद्यापासून वही दुसऱ्याकडे."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

लोकांना वही वाचायची गरजच नव्हती. खणलं आणि पाणी आलं, एवढं त्यांना पुरलं. आत्याबाई पिण्याचं पाणी भरायला हौदावर आल्या की बायका म्हणत, "अहो, तुमच्या तर घरीच होतं ना पाणी?" एकीने त्यांची घागर पायाने बाजूला सारली. हे माझ्या बायकोने मला हसत सांगितलं, आणि मी तिला गप्प बस असंसुद्धा म्हणालो नाही. महिन्याभरात आत्याबाईंनी हौदावर येणं सोडलं. नदीवरून घागर आणायला लागल्या. त्या वयात, चढाच्या वाटेने.

मला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, असं काही झालं नाही. झोप लागत होती. फक्त त्या आळीतून जायचं मी टाळत होतो.

पुढच्या चैत्रात मन खायला लागलं. पर्वतीखालच्या ओढ्यावरून मी अळूचे चार कांदे पानांसकट उपटून आणले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आत्याबाईंच्या दारात गेलो.

"हे काय?"

"लावा परत. मी माती करून देतो."

"हिरवं दिसलं की पुन्हा खणायला येशील."

"नाही येणार, आत्याबाई. चूक झाली माझी."

"मला काय सांगतोस? मला ठाऊक आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आत्ता हौदावर बायका असतील. तिथे जा आणि सांग, या बाईने पाणी चोरलं नव्हतं. तेवढं एक वाक्य बोलून ये. मग आपण दोघं मिळून लावू."

मी पायरीवर उभा राहिलो. थोरलीचं लग्न ठरलं होतं. मी म्हणालो, "बघतो."

"बघ," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

परत येताना वाटेत हौद लागला. दहा-बारा जणी होत्या. पाणी काठोकाठ होतं. एकजण मला बघून म्हणाली, "यंदा पाणी छान ठेवलंत हो." मी हो म्हणालो आणि पुढे चालायला लागलो.

घरी बायकोने फडकं सोडलं. म्हणाली, "किती कोवळी पानं आहेत, कुठे मिळाली?" ओढ्यावर, मी सांगितलं. तिने चण्याची डाळ घालून अळूचं फदफदं केलं. मुलींना फार आवडलं. मीही दोनदा वाढून घेतलं.