पोलंडची पावणी

कळंब्याच्या रत्नव्वाचं सगळं आयुष्य म्हशींच्या धारा काढण्यात गेलं होतं. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिची लेक वर्षाराणी मात्र जहाजावर अधिकारी व्हायचं शिक्षण घेत होती. दोन देशांच्या कॉलेजांनी विद्यार्थ्यांची अदलाबदल ठरवली, तेव्हा ती सहा महिन्यांसाठी पोलंडला गेली आणि तिकडची हान्ना इकडं आली. दिवाळीच्या सुट्टीत हान्ना रत्नव्वाकडं राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी तापानं फणफणली.

रत्नव्वा तिच्या उशाशी बसून राहिली. तिनं पोरीला मऊ भात भरवला. दुपारी हान्नाच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. रत्नव्वानं पोरीच्या कपाळावर हात ठेवून दाखवला.

"ताप उतरलाय. जेवली बी हाय."

हान्नाला मोडकीतोडकी हिंदी येई. तिनं अंदाजानं ते आईला सांगितलं. पलीकडं आईनं डोळे पुसले.

संध्याकाळी वर्षाराणीचा फोन आला. "अव्वा, हान्नाची आई होस्टेलवर आलीया. मला घरी चल म्हणती."



"जा की," रत्नव्वा म्हणाली.

मग ती हान्नाजवळ गेली आणि हातवारे करत विचारू लागली, "तुझी आय सैपाक कसा करती गं?"