आकाशपाळण्याचं अत्तर

हेमावतीचं नाक एका तापात गेलं. ताप उतरला, पण वास परतलाच नाही.

दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं. पण तिरुवल्लिकेणी भागातल्या शेषाद्रींच्या दुकानात अत्तरं जुळवायचं काम तिचं होतं. तंजावरकडच्या मराठी घरातली ही बाई गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलली की त्याला काय शोभेल ते ओळखायची.

"तूर्त पॅकिंगला बस," शेषाद्री म्हणाले. ती बसली. रोज सकाळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लवंग, कापूर, कॉफीची पूड नाकाशी धरायची. काही म्हणजे काही कळत नसे.

तिच्या बहिणीची मुलगी सावनी शहराबाहेर सिरुसेरीला नोकरी करायची. एका रविवारी ती मावशीला समुद्राकाठच्या जुन्या करमणूक उद्यानात घेऊन गेली. लहानपणी पोंगलला हेमावतीचे वडील तिला तिथेच आणायचे. उद्यान कधीच बंद पडलं होतं आणि आता आकाशपाळणा उतरवत होते. कामगारांनी मधला आस उघडला, तशी हेमावती थबकली.

"सावनी, कसला गं हा वास?"

"जुनं वंगण असेल. घाणेरडा आहे नाही?"

"मला येतोय गं!" हेमावतीने तिचा दंडच धरला. भर उन्हात दोघी रडत हसत उभ्या राहिल्या.

त्यानंतर वास एकेक करून परत आले. खारा वारा आला, मग केसांतला मोगरा, आणि बऱ्याच दिवसांनी पंजुमिठाईची, त्या गुलाबी कापसासारख्या मिठाईची, करपती साखर. हे सगळं एकाच कुपीत आणायचं तिने ठरवलं.

"वंगणाचा वास अंगाला कोण लावून घेईल?" शेषाद्रींनी विचारलं.

"पाळण्यात बसलेलं प्रत्येक माणूस."

कामाची वेळ संपली की ती मागच्या खोलीत बसायची. पहिली मिश्रणं नुसती गॅरेजसारखी झाली. ती ओतून दिली. वाळा वाढवला, समुद्री शेवाळाचा अर्क थेंबाथेंबाने घातला. शेवटी एका कुपीतला थेंब सावनीच्या मनगटाला लावला. सावनी पुन्हा पुन्हा मनगट हुंगत राहिली.

शहरातल्या अत्तरांच्या प्रदर्शनात शेषाद्रींनी हेमावतीच्या आग्रहाखातर त्या अत्तराच्या थोड्या कुप्या टेबलाच्या कडेला ठेवल्या. एक वयस्क जोडपं आलं. आजोबांनी वास घेतला आणि बायकोकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "वरून खाली येताना तू माझा हात धरला होतास."

"तुम्हीच घाबरला होता," आजी म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

ते ऐकून आणखी माणसं वळली. दुपारी टेबलापुढे रांग लागली आणि संध्याकाळच्या आत कुप्या संपल्या. परीक्षकांनी त्या वर्षीचं उत्कृष्ट अत्तर म्हणून त्याचंच नाव पुकारलं.

शेषाद्री लगबगीने जवळ आले. "उद्यापासून तू परत तुझ्या जागेवर. अजून काय हवं, सांग."

"कुपीवर माझं नाव," हेमावती म्हणाली. "मोठ्या अक्षरात. तमिळमध्ये आणि मराठीतही."