शेअर्सच्या अर्जावर न केलेली सही

भाऊबीजेचा दुसरा दिवस, साल २००५. ठिकाण ब्रह्मपुरी, आमचं घर. हजर: मी, माझा नवरा, चंद्रपूरहून आलेली माझी मोठी बहीण, बंगलोरहून आलेला तिचा मुलगा आणि माझा धाकटा दीर. बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, आले नव्हते. त्यांचा पाय मुरगळला होता.

जेवणं झाली. मी ताटं उचलेपर्यंत भाच्याने बॅगेतून कागद काढून सतरंजीवर पसरले होते. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीत तो इंजिनिअर होता. ती कंपनी बंगलोरमधली एक लहान कंपनी विकत घेणार होती. लहान कंपनीचे शेअर मुंबईच्या बाजारात होते. बातमी बाहेर पडली की भाव चढणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि खरेदीचं काम करणाऱ्या मोजक्या माणसांत भाचा स्वतः होता.

"मावशी, तुले काहीच करायचं नाई. पैसे माझे, शेअरचं खातं तुझ्या नावाचं. इथी सही, इथी सही."

"तुझ्या नावानं काऊन नाई?"

"नोकरी जाईन ना. आईबाबाचं आडनाव तेच, लगेच ध्यानात येते. तुझं वेगळं आहे."

"म्हणजे चोरी आहे हे तुले माहीत आहे."

"चोरी कोणाची? कोणाच्या खिशातून काढून राह्यलो का मी?"

आधी मी धानोऱ्याला वन खात्याच्या कचेरीत होते. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याच्या निविदा निघायच्या, तेव्हा सरकारने ठरवलेली किमान किंमत मी टाइप करायची. ती गुप्त. निविदा उघडेपर्यंत मी ठेकेदाराच्या जीपमध्ये बसत नसे, त्यांच्याकडच्या लग्नात जेवत नसे, चौकातला चहासुद्धा घेत नसे. हे नियमाच्या पुस्तकात नव्हतं. माझ्या आधी त्या टेबलावर असलेल्या बाईंनी चार्ज देताना टाइपरायटरसोबत हेही दिलं होतं. एका ठेकेदाराचा मुनीम मुद्दाम विचारायचा, "बाई, आजही उपास का?" मी म्हणायचे, "हो. निविदा उघडल्या की सोडते." तो आकडा एकाच्या कानात गेला असता, तर बाकीच्यांनी उगाच लखोटे भरले असते, आणि सरकारला कमी पैसे मिळून जंगलात पानं तोडणाऱ्या बायांचा त्यातला बोनस घटला असता.

म्हणून भाच्याला उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. "तुले जे माहीत आहे ते माहीत नसताना जो आज ते शेअर विकून राह्यला, त्याच्या खिशातून."

ताई मध्ये पडली. "याच्या कॉलेजची फी तू भरली, आन् आता एका सहीले नाई म्हणून राह्यली?"

"फी भरली म्हणूनच नाई म्हणते."

"सरकार मेडल देणार आहे का तुले?"

नवरा सुपारी कातरत बसला. दीर मात्र पुढे सरकला. "वहिनी नाई म्हणते तं मी करतो. माझंबी आडनाव वेगळंच आहे. पेन दे."

"या घरात नाई," मी म्हटलं. "माझ्या सतरंजीवर तर नाईच."

दोघं कागद गोळा करून बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गेले. सही तिथे झाली. ताई संध्याकाळच्या बसने निघाली. मी तिच्यासाठी काढून ठेवलेली साडी कॉटवर तशीच राहिली.

पुढे भाव चढला. कोणी चौकशीला आलं नाही. भाच्याला बढती मिळाली. दिराने त्यातल्या आपल्या वाट्यातून मोहर्लीला, वाघांच्या जंगलाच्या दाराशी, जिप्सी गाडी घेतली आणि पर्यटकांना वाघ दाखवू लागला. "वहिनी, चला ना एकदा, फुकट नेतो," असं तो अजूनही हसत म्हणतो. मी त्या गाडीत बसत नाही. नवरा बसून आला. त्याला वाघीण दिसली, बछड्यांसकट.

त्या सहीने कोणाचं काही वाईट झालं का, असं मला घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलं आहे. नाही झालं. पकडले जाऊ या भीतीने मी नकार दिला नव्हता, तेव्हा कोणी पकडलं गेलं नाही म्हणून माझं उत्तर कशाला बदलेल? उद्या कोणी परत कागद पसरले तरी तेच सांगेन.

ताई मात्र त्यानंतर आमच्याकडे आली नाही. फोन केला की भाऊजी उचलतात आणि ती झोपली आहे म्हणतात, दुपारी असो की सकाळी. गेल्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेही मला दिराकडून कळलं. सहीचा विषय निघाला तर माफी मागणार नाही, हे माझं पक्कं आहे. तिच्या डोळ्यात वेळेवर थेंब टाकणं भाऊजींना जमतं की नाही, ते मात्र जाऊन बघायला हवं. चंद्रपूरला जायचं अजून राहिलंच आहे.