ही ओळ तू वाचलीस का?

आईचा फोन आला तेव्हा मी हजरतगंजच्या बाजारात पत्रकं वाटत होते. "सुमनमावशी गेली गं," एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि हातातली उरलेली पत्रकं वाटून संपवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. सहा आठवडे झाले, अजून कुठे धड बसवत नाही... बसले की वाटतं, काहीतरी अर्धवट ठेवून आलेय.

इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. तिथे सुमन दामले म्हणजे मनमिळाऊ, सुगरण वगैरे झाल्या. साफ खोटं. मावशीचं वरण कायम पातळ असायचं आणि मनमिळाऊ तर ती बिलकुल नव्हती. एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात तिने अख्खी नोकरी काढली, हे सांगायला कोणी उठलं नाही. मीही नाही. एरवी चौकाचौकांत माइक हातात घेणारी मी, तिथे मागच्या खुर्चीत बसून राहिले.

ती आईची मैत्रीण, रत्नागिरीकडची. निवृत्तीनंतर इथेच, तेलीबाग भागात, दोन खोल्यांत एकटी राहायची. मी तिच्याकडे गेले ते माझ्या कामासाठी. आमच्या वॉर्डात रेशनच्या यादीतून नावं गुपचूप कटत होती. जुनी यादी आणि नवी यादी ताडून पाहायची होती आणि हजारो नावं हाताने ताडणं शक्य नव्हतं. मावशी म्हणाली, प्रोग्रॅम तूच लिही, मी शेजारी बसते.

तिची पद्धत डोक्यात जाणारी होती. एखादी आज्ञा वापरायची तर माहितीपुस्तिकेत ती काय करते हे वाचायचं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही. जगभरच्या लोकांनी आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवलेला असतो, त्यात शोधायचं की ती आज्ञा प्रत्यक्षात कोण, कशी वापरतंय. निदान तीन जणांचा वापर बघायचा, आणि त्यातलं बरं वाटेल ते उदाहरण लाल रेघांच्या वहीत पेन्सिलीने हाताने उतरवायचं. हाताने! मी म्हणायचे, "मावशी, कॉपी-पेस्ट किस लिए बना है, यार?" ती मराठीत बोलायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आमचं असंच चालायचं. ती वर न बघता म्हणायची, "तुझ्यासारख्यांसाठी."

एक दिवस ती दवाखान्यात गेलेली असताना मी एकटीनेच शोधलं. पहिलंच उदाहरण सापडलं ते उचललं, चिकटवलं, चाललं. प्रोग्रॅमने सांगितलं की जुन्या यादीतलं प्रत्येक नाव नव्या यादीत आहे, कोणीही कटलेलं नाही. मी तसं चौकातल्या बायकांच्या बैठकीत सांगूनही टाकलं. चिकनचं भरतकाम करणाऱ्या नसीम आपा म्हणाल्या, दुकानवाला तर नाव नाही म्हणतो. मी म्हटलं, आपने ठीक से पूछा नहीं होगा. तीनदा त्यांना परत दुकानावर पाठवलं. चौथ्यांदा त्या मला एवढंच म्हणाल्या, "बिटिया, तुम्हारे कंप्यूटर में हम हैं, दुकान में नहीं हैं. आटा कहाँ से लें?"

मी तशीच मावशीकडे गेले. तिने माझा कोड वहीत उतरवायला घेतला आणि चौथ्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"ही ओळ तू वाचलीस का?"

"चल तो रहा था, मावशी..."

"चालत होता, म्हणूनच घात झाला."

ती ओळ नावांतली इंग्रजी अक्षरं सोडून बाकी सगळं पुसत होती. लिहिणाऱ्याने ती टिंबं आणि स्वल्पविराम काढायला घातली असणार. आमची यादी हिंदीत. प्रत्येक नाव पुसून कोरं झालं, कोरं कोऱ्याशी जुळलं, आणि सगळी माणसं 'सापडली'. व्यवस्था गरिबांची नावं पुसते म्हणून मी पत्रकं लिहीत होते, आणि इथे मीच पुसत होते.

ओळ काढली, कटलेल्या नावांची यादी आली. मी चौकात जाऊन माफी मागितली. नसीम आपांनी सुई थांबवली नाही. म्हणाल्या, "माफ़ी बाद में. नाम पढ़ो." तिसरं नाव त्यांचंच होतं.

आम्ही हरकती दाखल केल्या, आपांचं नाव परत आलं. माझ्यासाठी विषय संपला, मावशीसाठी नाही. तिचं म्हणणं, त्या माहितीपुस्तिकेत एकही हिंदी नावाचं उदाहरण नाही, म्हणजे उद्या दुसरी कोणीतरी अशीच फसणार. तिने स्वतः उदाहरण लिहिलं, दोन छोट्या याद्यांचं. खऱ्या बायकांची नावं जगाला कशाला दाखवायची, म्हणून कटलेलं नाव तिने स्वतःचं घातलं. "मला कुठे रेशन लागतंय," म्हणाली. ती पुस्तिकाही खुली, कोणालाही भर सुचवता येते, म्हणून तिने ते पाठवून दिलं. पुस्तिका सांभाळणाऱ्यांकडून निरोप आला की उदाहरण चांगलं आहे, फक्त खाली उत्तर काय येतं तेही लिहा. तो आला तेव्हा ती इस्पितळात होती. मला म्हणाली, "तेवढं करून टाक गं." मी हो म्हटलं आणि मोर्चाच्या तयारीला लागले. आज करू, उद्या करू...

तिच्या खोल्या रिकाम्या करताना आईने ती वही माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर ते उदाहरण आहे, आणि त्याखाली 'उत्तर' लिहून पुढे मोकळी जागा. काल मी बसले. तिच्या नियमाप्रमाणे एकेक ओळ आधी हाताने उतरवली, मगच प्रोग्रॅम चालवला. जे आलं ते पुस्तिकावाल्यांना पाठवलं. मग तिचीच पेन्सिल घेऊन वहीतल्या मोकळ्या जागेत लिहिलं:

नव्या यादीत नाही – सुमन दामले.