डाग कच्चा नव्हता

हे मी आजवर कोणालेच बोललो नाई. बायकोले नाई, देवाले नाई. एकदा तोंडातून निघालं होतं — पण ते सांगितल्यात धरता येत नाई, अन् काऊन येत नाई ते शेवटी सांगतो. बसा जरासे. मले सरळ बोलणं जमत नाई, तेवढं सांभाळून घ्या.

आरमोरीच्या बाजारात माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. दुकान म्हणजे काय — एक टिनाची खोली, तीन जुने टीव्ही, तीन गेमचे डब्बे, अन् बाकड्यावर दाटून बसलेले पोट्टे. कॅसेट चालली नाई तर काढायची, फुंकायची, पुन्हा ठोसायची. येवढीच माझी विद्या. चित्र यायचं तेही मुंग्या घेऊन, कारण गेमची तार टीव्हीच्या अँटेनात खुपसलेली राहे. पोट्टे विचारत, "काऊन भाऊ, या गेमात रोजच पाऊस पडते का?"

अन् मोरेश्वर होता. माझा साळा, बायको मंदाचा धाकटा भाऊ. सावली गावाकडचा. घरचे सारे तलावात जाळं टाकणारे, पण याचा जीव तारांत. आमच्याच घरी राहे, दुकान सांभाळे, अन् बाजारातले बंद रेडिओ उघडून उघडून हात शिकला होता. त्यानं तार जोडायले सोल्डरचा डाग द्यावा तर तांदळाच्या दाण्यायेवढा, चकचकीत. म्हणे, "भाऊजी, डाग कच्चा राह्यला का सारं कामच कच्चं." गडचिरोलीच्या एका टीव्हीवाल्यानं त्याले कामावर बोलावलं होतं. मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, झाली का जाणार होता.

मी त्याच्यावर जळत होतो का? होतो ना. दुकान माझं, अन् पोट्टे येत ते "मोरूभाऊ, मोरूभाऊ" करत.

मंडईच्या आधी त्यानं एका डब्ब्याचं पोट उघडलं. आतून चित्राची तार वेगळी काढली, मधात एक ट्रान्झिस्टर बसवला, अन् मागून सरळ टीव्हीच्या व्हिडिओवाल्या भोकात जोडली. बाप्पा, काय चित्र! मुंग्या गायब. रंग असे का पोट्टे टीव्हीले हात लावून पाहत. मंडईच्या दिवशी तर बाकडं मोडते का काय, येवढी गर्दी. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे लोक, नाटकाले आलेले पाहुणे, सारे दारात.

दुपारी मोरेश्वर जेवायले गेला. मले वाटलं, टेपवर गाणे लावावे, आणखी लोक येतील. टेपचा अडॅप्टर जळालेला. म्हणून गेमचाच काढला. त्या अडॅप्टरच्या पाठीवर एक बारीक खटका होता — पिनेच्या आत प्लस का मायनस, ते ठरवणारा. माझ्या टेपले उलटं लागे. खटका सरकवला, गाणे लावले. मग पोट्टे ओरडले, "भाऊ, गेम!" अन् मी पिन तशीच पुन्हा गेममध्ये घातली.

खटक्याची आठवण राह्यली नाई. इथवर ती चूकच होती. माणसाची होते.

पडदा काळा झाला. थोडा जळका वास आला. मोरेश्वर उष्ट्या हातानं धावत आला, डब्बा उघडून बसला. फ्यूज पाह्यला, कॅसेटचे दात खोडरबरानं घासले, तारा हलवल्या. मग मीटर लावला अन् म्हणाला, "भाऊजी, आत पाच व्होल्ट येऊनच नाई राह्यले. कोणी अडॅप्टरले हात लावला का?"

अडॅप्टर माझ्या हातात होता. मी पालथा करून पाह्यला. खटका उलट्या बाजूले होता.

अंगठ्यानं मी तो परत सरकवला. बारीक टक् आवाज झाला. गर्दीत कोणाले ऐकू आला नाई. मी म्हटलं, "नाई बे. कोण हात लावते?"

त्यानं अडॅप्टर मोजला. बरोबर निघाला. बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मग माझाच डाग कच्चा राह्यला असन."

तेवढ्यात दारातून कोणीतरी हासलं. "गेला डब्बा! चला, समोरच्या दुकानात चला." अन् मी मोरेश्वरले मारलं.

पहिली थापड तोंडावर. तो उठलाच नाई — चुकलो म्हणून मार खाऊन घ्यावा, असा बसून राह्यला. तेच मले सहन झालं नाई. मी त्याले केस धरून बाकड्यावर आपटलं. लाथा घातल्या. लाकडाचा बोर्ड होता, प्लग लावायचा, तो तारेसकट उपसला अन् त्याच्या डोक्यावर घातला — एकदा, दोनदा, मग मोजलं नाई. "माझं दुकान खाल्लं, साल्या!" म्हणत होतो. चोराच्या उलट्या बोंबा. तो "भाऊजी, भाऊजी" करत होता, अन् त्याच्या उजव्या कानातून रक्त गळ्यावर येऊन राह्यलं होतं. मले दिसत होतं. तरी आणखी एक मारला, त्याच कानावर.

राग होता म्हणू? राग कशाचा? मले तर सारं माहीत होतं. खरं सांगतो — पहिला फटका भीतीनं मारला, कोणी अडॅप्टरकडे पाहू नये म्हणून. बाकीचे मारताना बरं वाटत होतं.

मंदा धावत आली. मी तिले सांगितलं, यानं डब्बा जाळला. तिनं भावाच्या गळ्याचं रक्त पदरानं पुसलं, अन् पुसता पुसता त्यालेच म्हणाली, "काऊन केलं रे असं? माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय देलास."

त्यानं तिचीही माफी मागितली.

उजवा कान गेला तो गेलाच. गडचिरोलीले तो गेला नाई. म्हणे, ज्याचा डाग कच्चा त्यानं दुसऱ्याच्या वस्तूले काय हात लावावा? गावी परतला, बापासंगं तलावात उतरला.

मंडई उठल्यावर मी डब्बा उघडला. आतला पाच व्होल्ट देणारा तीन पायाचा भाग जळाला होता, उलट्या करंटनं जळते तोच. मोरेश्वरचं पाहून पाहून येवढं मलेही येत होतं; नवा बसवला. मोरेश्वरच्या एकाही डागाले हात लावला नाई. बटन दाबलं — अन् तेच चित्र आलं, लख्ख. त्या डब्ब्यावर मी पुढं कितीतरी दिवस धंदा केला. मंदाले सांगितलं, तुझ्या भावानं बिघडवलेलं मी दुरुस्त केलं. ती अजून लोकांले कौतुकानं सांगते.

मोरेश्वर येतो आमच्याकडे. मासे घेऊन येतो. मी नेहमी त्याच्या उजव्या अंगाले बसतो. मागच्या खेपेले अंगणात दोघंच होतो, मंदा आत चाय गाळून राह्यली होती. मी त्याच्या उजव्या कानाजवळ तोंड नेलं अन् बोललो, "मोरू, खटका मी सरकवला होता. तुझा डाग कच्चा नव्हता."

त्याले काई ऐकू आलं नाई. मानेले माझा श्वास लागला असन म्हणून तो हासत वळला, डावा कान माझ्यापुढं केला.

"काय म्हणता भाऊजी? इकडून बोला ना."

चांगला कान. माझ्या तोंडापासून वीतभर.

"काई नाई," मी म्हटलं. "चाय आणून राह्यली तुझी बहीण."